गोड्या पाण्यातले मासे आणि नवे रोग: पुणे जिल्ह्यातून वारंवार येणारे प्रश्न

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की माझ्या फोनवर मेलेल्या माशांचे फोटो यायला लागतात. इंदापूर, दौंड, बारामती, शिरूर, कधी जुन्नर. घमेल्यात पडलेले पाच-सहा मासे, मागे शेततळ्याचा काळा प्लास्टिक पेपर आणि खाली एकच ओळ: "मॅडम, हा कोणता व्हायरस?" फोटोवरून व्हायरस ओळखता येत नाही, हे सांगून सांगून थकले, म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. मासे आत्ता मरत असतील तर प्रश्न १, ४ आणि १० आधी वाचा. बाकीचं नंतर.

१. काल संध्याकाळी मासे नीट खात होते. आज सकाळी शे-दीडशे पोट वर करून पडलेत. व्हायरसच ना?

बहुधा नाही. रोगाने आज दोन मासे जातात, उद्या पाच, परवा पंधरा, आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधीच खाद्य उरायला लागलेलं असतं. रात्री पोटभर खाल्लेले मासे पहाटे मेले, तर संशय आधी ऑक्सिजनवर. हिरव्यागार पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री माशांच्या बरोबरीने तोच ओढतं. त्यामुळे पहाटे चारपासून ऊन चढेपर्यंतचा वेळ सगळ्यात वाईट. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की दिवसाची कमाईसुद्धा बुडते.

खुणा बघा. मोठे मासे आधी गेले आणि बारके वाचले? मेलेल्यांची तोंडं उघडी आहेत? कटला, रोहू, सायप्रिनस (कॉमन कार्प) सगळेच गेले, पण तळ्यात चुकून आलेली मरळ मजेत आहे? मग ऑक्सिजनच. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती तगते. बेडूक, पाणकिडे, मासे सगळंच एकदम मेलं असेल तर वरच्या रानात टोमॅटोवर किंवा डाळिंबावर काल काय फवारलं आणि पंप कुठे धुतला, ते विचारा.

दुसरा गुन्हेगार अमोनिया. टेस्ट किटवर दिसतो तो एकूण आकडा. त्यातला विषारी भाग किती, ते पाण्याचा सामू (पीएच) ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याच्याही आत, ८ ला साधारण पाच टक्के आणि ९ ला एक तृतीयांशाच्या वर. म्हणजे सकाळी निरुपद्रवी वाटलेला तोच आकडा दुपारी तीन-चारला, शेवाळामुळे सामू चढल्यावर, घातक ठरतो. सामू दुपारी मोजा, ऑक्सिजन पहाटे मोजा. लोक नेमकं उलटं करतात.

२. हे "नवे रोग" खरंच नवे आहेत, की आता तपासण्या वाढल्या म्हणून दिसतात?

दोन्ही. जंतूच नवा असेल, जुना जंतू नव्या मुलखात किंवा नव्या जातीत पोचला असेल, किंवा ओळखीचा रोग अचानक जास्त नुकसान करू लागला असेल, तर त्याला उदयोन्मुख रोग म्हणतात. लाल चट्ट्यांचा रोग, ज्याला सगळे ईयूएस म्हणतात, १९७१ साली जपानमध्ये दिसला आणि १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरला. तो आता जुना पाहुणा झाला. तिलापिया लेक व्हायरस म्हणजे टिलव्ही: इस्रायलमध्ये २००९ पासून चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, मरत होती, विषाणूची ओळख २०१४ मध्ये पटली आणि २०१८ मध्ये भारतातली नोंद प्रसिद्ध झाली. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत तो २०२२ मध्ये आला.

मरण आधी आणि नाव पाच वर्षांनी, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज तुमच्या तळ्यात असं काही असेल ज्याला अजून नाव नाही, ही शक्यता कमी असली तरी शून्य नाही.

३. आमचं तळं चारी बाजूंनी बंद आहे. पेपर टाकलाय, पाणी बोअरचं. मग रोग आला कुठून?

बीजाच्या पिशवीतून. दहातल्या आठ वेळा माझं हेच उत्तर असतं. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) येते, तिच्याबरोबर हॅचरीचं पाणीही येतं, आणि आपण पिशवीचं तोंड सोडून दोन्ही तळ्यात ओततो. शिरूरकडच्या एका शेतकऱ्याने बोअर, पेपर, कुंपण, पक्ष्यांसाठी वरून जाळी असं सगळं केलं होतं. बीज मात्र रस्त्याकडेला उभ्या पिकअपमधून घेतलं, कारण नगाला पन्नास पैसे कमी. पावती नाही, हॅचरीचं नाव नाही, गाडीवाल्याचा फोन तिसऱ्या दिवसापासून बंद.

बीज घेताना पिशवी तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग बोटुकली चाळणीत घ्या आणि पिशवीतलं पाणी तळ्यापासून लांब, कोरड्या जमिनीवर फेका. शक्य असेल तर नवं बीज दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तळ्यातच बांधलेला हापा (जाळीचा पिंजरा) म्हणजे विलगीकरण नव्हे, कारण पाणी तेच. टिलव्हीसारखा विषाणू नर-मादीकडून पिल्लांतही उतरू शकतो, त्यामुळे बीज दिसायला तजेलदार होतं, हा पुरावा नाही.

दुसरा रस्ता जाळ्याचा. मासे काढायला येणारी टोळी सकाळी एका तळ्यात, दुपारी दुसऱ्यात. जाळं ओलंच. टोळीला चहा द्या, पण जाळं दिवसभर कडक उन्हात वाळवल्याशिवाय पाण्यात उतरवू देऊ नका. लोक रुसतात, रुसू द्या.

४. चिलापीचं बीज सोडून तीन आठवडे झाले. रोज थोडी थोडी मरते आहे, कालपासून आकडा वाढला. टिलव्ही आहे का?

असू शकतो, आणि हा प्रश्न तुम्ही तिसऱ्याच आठवड्यात विचारलात हे बरं झालं. थायलंडमध्ये बीज पिंजऱ्यात सोडल्यापासून महिनाभरात होणाऱ्या मरतुकीला "एक महिन्याचा रोग" असंच नाव पडलं होतं. पुढे त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हा विषाणू सापडला.

बाहेरून दिसतं ते असं: मासा काळपट पडतो, सुस्तावतो, कडेला येऊन उभा राहतो, खाद्य टाकलं तरी हलत नाही. अंगावरचे खवले उचकटल्यासारखे, कातडी सोललेली. डोळ्यावर पडदा, काहींचे डोळे फुगलेले, काहींचे आत बसलेले. कल्ले फिकट. मात्र यातलं एकही लक्षण फक्त टिलव्हीचं नाही. प्रश्न ८ मधला जिवाणूही डोळे फुगवतो आणि दोन्ही एकत्रही सापडतात. खात्री फक्त प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआरने.

मरतुकीचं प्रमाण फार वेगवेगळं असतं. कुठे दहातले नऊ जातात, तर कुठे विषाणू सापडतो आणि मासे फिरत असतात. यावर औषध नाही. "व्हायरस किलर" असं लिहिलेली बाटली कोणी दिली, तर ती कोणत्या विषाणूवर, कोणत्या माशावर आणि कोणी तपासली, एवढं विचारा. आत्ता करायचं ते एवढंच: खाद्य निम्म्यावर आणा, एअरेटर सोडा, मासे हाताळू नका, विरळणी करू नका, तळ्यातून एकही जिवंत मासा बाहेर देऊ नका आणि नमुना पाठवा (प्रश्न १०). या आजारात मासे पकडून टाक्या बदलणाऱ्यांचं नुकसान मी जास्त झालेलं पाहिलंय.

५. तोच रोग उजनीच्या चिलापीला होतो का? आणि आमच्या कटला-रोहूला?

उजनीतली चिलापी त्याच गोतावळ्यातली, त्यामुळे तिला हा रोग होऊ शकतो. म्हणूनच आजारी तळ्याचं पाणी ओढ्यात सोडणं हा नुसता शेजारधर्माचा प्रश्न राहत नाही. कॉमन कार्पसारख्या काही जातींना प्रयोगात विषाणू देऊनही त्या आजारी पडल्या नाहीत. जायंट गुरामीला मात्र तो लागतो. कटला-रोहूसारख्या कार्प जातींच्या तळ्यात मरतूक असेल तर टिलव्हीच्या मागे न लागता प्रश्न १, ६ आणि ७ बघा.

जाता जाता: गिफ्ट चिलापी (लवकर वाढणारी सुधारित जात) पाळायला परवानगी लागते आणि बीज मान्यताप्राप्त हॅचरीचंच घ्यावं लागतं. हा कागद लोकांना कटकट वाटतो, पण रोग निघाल्यावर बीज कुठून आलं ते सांगणारा तेवढाच एक कागद हाती असतो.

६. डिसेंबर-जानेवारीत मृगळ आणि रोहूच्या अंगावर लाल चट्टे पडतात, मग खोल जखमा होतात. दरवर्षी का?

ईयूएस. याला कारण अफॅनोमायसिस इनव्हाडान्स नावाचा बुरशीसारखा जीव. खरी बुरशी तो नाही, पण कामं बुरशीची. जोराचा पाऊस पडून गेल्यावर आणि पाण्याचं तापमान १८ ते २२ अंशांवर उतरलं की त्याचे पोहणारे बीजाणू माशाच्या कातडीला चिकटतात. थंडीत माशाची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत शेततळ्याचं पाणी याच पट्ट्यात येतं, म्हणून "दरवर्षी".

जखम बघून ओळखता येते. आधी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, मग खवले गळून चट्टा, मग मांस खात खात आत गेलेला खड्डा. एकदा बारामतीजवळच्या तळ्यावर मी अशी मरळ उचलली, तर डोक्याच्या मागे हाड दिसत होतं आणि ती तरीही हातात फडफडली. चिलापी आणि कॉमन कार्प बऱ्यापैकी टिकून राहतात. मरळ, पुंटियस आणि मृगळ लवकर बळी पडतात. यावरूनही निदानाला मदत होते.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सिफाने, यासाठी सिफॅक्स हे औषध काढलं. मात्रा एक हेक्टर-मीटर, म्हणजे १०,००० घनमीटर, पाण्याला एक लिटर. आता हिशेब. "मागेल त्याला शेततळे" मधलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं लोक २,७०० घनमीटर धरतात. बाजू एकास दीड उताराच्या असतील तर तळ २१ बाय २१ चाच उरतो आणि काठोकाठ भरलं तरी पाणी सुमारे १,९७० घनमीटर. म्हणजे सिफॅक्स जवळपास २०० मिली. २,७०० धरून कोणतंही औषध टाकलं तर मात्रा सव्वापटीहून जास्त जाते, आणि तळं अर्धं रिकामं असेल तर विचारायलाच नको. एक पीपीएम म्हणजे एका घनमीटरला एक ग्रॅम, एवढं पाठ असू द्या.

७. माशाच्या अंगावर पारदर्शक चकत्या चिकटल्यात, नखाने सरकतात. मासे उड्या मारतात, पेपरला अंग घासतात.

त्या चकत्या म्हणजे आर्ग्युलस, माशांची ऊ. डोळ्याला दिसते, पाच ते दहा मिलिमीटरची. भारतात रोहूला हिचा त्रास सगळ्यात जास्त. ऊ रक्त शोषते तो तोटा छोटा. तिने केलेल्या भोकातून एरोमोनास जिवाणू आत जातो तो मोठा.

लोक इथे एक चूक करतात आणि ती महागात पडते. टोमॅटोसाठी आणलेलं सायपरमेथ्रिन अंदाजाने तळ्यात ओततात. हे कीटकनाशक माशांसाठी अत्यंत विषारी आहे आणि माशाला लागणारी मात्रा इतकी सूक्ष्म की "झाकणभर" हे मापच चालत नाही. शिवाय ते पाण्यातलं प्राणीप्लवंग, म्हणजे कटल्याचं जेवणच, मारून टाकतं. माशांसाठी म्हणून बनवलेलं उत्पादन घ्या, पाणी मोजा, मग मात्रा काढा.

आणि औषध अंड्यांवर चालत नाही. ऊ दगडावर, लाकडावर, पेपरवर ओळीने अंडी घालते आणि ती उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत फुटतात. म्हणून पहिल्या औषधानंतर "गेली" म्हणून निश्चिंत झालात की महिन्याने परत. बांबूच्या कामट्या पाण्यात उभ्या करून ठेवा, आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा. अंडी त्यावर येतात आणि मरतात. फुकटचा उपाय आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

८. चिलापी गोल गोल फिरते, तिरकी पोहते, डोळे बाहेर आलेत. उन्हाळ्यात जास्त.

स्ट्रेप्टोकोकस. पाणी तापलं आणि गर्दी झाली की हा जिवाणू मेंदूपर्यंत पोचतो, म्हणून मासा भोवऱ्यासारखा फिरतो. मोठा, बाजाराला आलेला मासा आधी जातो आणि शेतकऱ्याचा जीव तिथेच तुटतो. खाद्य कमी करा, पाणी बदला, गर्दी उतरवा. जिवाणू असल्यामुळे प्रतिजैविक चालू शकतं, पण कोणतं, ते संवेदनशीलता चाचणीशिवाय ठरवू नका. पुढचा प्रश्न वाचा.

९. दुकानदाराने एक पावडर दिलीय, म्हणतो खाद्यातून सात दिवस घाला. घालू का?

पावडरीत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसेल तर नाही. लिहिलेलं असेल आणि त्यात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान गटातलं काही असेल तर अजिबात नाही. खाण्याच्या माशांसाठी ती निषिद्ध आहेत. कोलिस्टिनवर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी २०१९ पासून बंदी आहे. मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग अजूनही "बुरशीवर रामबाण" म्हणून हातोहात विकला जातो. तो खाण्याच्या माशाला लावायचा नाही, त्याचे अवशेष मांसात उरतात.

आणि साधी गोष्ट: आजारी मासा खात नाही. खाद्यातून औषध दिलं तर ते निरोगी मासे खातात, आजारी नाही. उरलेलं पाण्यात विरघळतं आणि तळाच्या गाळात औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. ऑक्सिजनच्या कमतरतेवर प्रतिजैविक घालणारे मला दरवर्षी भेटतात. मासे त्यानंतर वाचतातही, कारण मधल्या दोन दिवसांत ऊन पडलेलं असतं. श्रेय पावडरीला.

१०. नमुना कसा घ्यायचा आणि कुठे द्यायचा? एनआयव्ही पुण्यातच आहे, तिथे नाही का तपासत?

एनआयव्हीचा, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता हसू येत नाही. १९५२ साली सुरू झालेली ती संस्था माणसांच्या विषाणूजन्य आजारांवर काम करते. तळ्यातला मासा घेऊन पाषाण रस्त्याला जाऊ नका. माशांसाठी जवळची मोठी जागा म्हणजे मुंबईत वर्सोव्याला असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, सिफे. आधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात फोन करा. देशभरच्या जलचर रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं समन्वयन लखनौची एनबीएफजीआर, म्हणजे राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो, ही संस्था करते. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने "रिपोर्ट फिश डिसीज" हे ॲपही आणलं. त्यावरून फोटोसह कळवता येतं.

आता नमुना. मेलेला, फुगलेला, वास येणारा मासा उपयोगाचा नाही. पाण्यात मेल्यावर काही तासांतच कुजायला लागतो आणि मग प्रयोगशाळेत कुजवणारे जिवाणूच सापडतात. मरायला टेकलेले, अजून कल्ले हलत असलेले पाच ते दहा मासे घ्या. जिवंत नेता आले तर उत्तम. नाही तर प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत बांधून थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या थरांमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत पोचवा. डीप फ्रीजमध्ये टाकू नका, गोठलेल्या पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. प्रवास लांबणार असेल तर फोनवर विचारून यकृत, प्लीहा, मूत्रपिंडाचे तुकडे अल्कोहोलमध्ये आणि थोडे फॉर्मलिनमध्ये ठेवायची तयारी करा. सोबत एका बाटलीत तळ्याचं पाणी.

आणि एक कागद. बीज कधी, कुठून, किती, मरतूक कधीपासून, रोज किती, पाण्याचं तापमान, काय काय औषध टाकलं. शेवटची ओळ लोक लपवतात. कृपया नको.

११. मेलेले मासे काय करू? कोंबड्यांना घातले तर?

पुरा. तळ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्डा, खाली-वर चुना, वर दोन फूट माती, कुत्री उकरणार नाहीत असं. ओढ्यात, कॅनॉलला, उकिरड्यावर टाकू नका. बगळे आणि पाणकावळे अर्धा मासा उचलून शेजारच्या तळ्यावर नेऊन टाकतात. कोंबड्यांना घालू नका. उलट दिशेचंही सांगते: कोंबडीची आतडी चिलापीला घालायची पद्धत स्वस्त असेल, पण त्यातून जिवाणू आणि औषधांचे अवशेष दोन्ही तळ्यात येतात.

१२. असे मासे खाल्ले तर माणसाला काही होतं का? बाजारात चिलापी घ्यायची की नाही?

टिलव्ही, ईयूएस आणि ऊ माणसाला होत नाहीत. ताजा मासा, आपल्याकडे शिजवतात तसा नीट उकळलेल्या रश्शात किंवा खरपूस तळून, खायला हरकत नाही. तरंगलेला मेलेला मासा मात्र खाऊ नका, विकू नका. तो कशाने मेला हेच माहीत नसतं.

अपवाद जिवाणूंचा. २०१५ मध्ये सिंगापूरला कच्चा गोड्या पाण्यातला मासा खाल्लेल्या लोकांना स्ट्रेप्टोकोकस अगालॅक्टी जिवाणूचा गंभीर संसर्ग झाला होता. आपण कच्चा खात नाही, पण पुण्यात आता कच्च्या माशाचे पदार्थ मिळणारी हॉटेलं आहेत, म्हणून लिहिलं. आपल्याकडचा खरा धोका हाताचा. चिलापीच्या पाठीचा काटा मासे साफ करताना टोचतो आणि तिथे जिवाणू शिरतो. कॅनडात टोरोंटोला १९९५-९६ मध्ये अशाच जखमांतून स्ट्रेप्टोकोकस इनिएचे रुग्ण निघाले होते. हात सुजला, लाली वर चढायला लागली, ताप आला तर डॉक्टरांना "काटा लागला" एवढंच नका सांगू, "माशाचा काटा लागला" असं सांगा. मधुमेह असेल तर वाट बघू नका.

१३. एक पीक रोगाने गेलं. तळं पुन्हा कधी भरू?

पाणी ओढ्यात सोडायचं नाही, हे पहिलं. तळ्यातच ब्लीचिंग पावडर टाका: हेक्टर-मीटरला ३५० किलो. प्रश्न ६ मधल्या भरलेल्या तळ्याला सुमारे ७० किलो. संध्याकाळी टाका, कारण उन्हात क्लोरीन लवकर उडतो. वाऱ्याकडे पाठ करा, नाक-तोंड बांधा. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिच्यात दम राहिलेला नसतो. क्लोरीनचा अंश संपल्यावरच पाणी झाडांना द्या. मग तळ पूर्ण वाळवा. पेपरच्या घड्यांमधला गाळ खराट्याने काढा, ऊन सगळीकडे पोचू द्या. हापे, बादल्या, तराजूची टोपलीसुद्धा. वाळलेल्या तळ्यात दोन-तीन आठवडे ऊन खाल्लं की भरा.

पाण्याची टंचाई असलेल्या गावात "पाणी काढून टाका" म्हणणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. उन्हाळ्यात पिकाला देऊन तळं आपोआप रिकामं होतं, तेव्हाच हे काम उरकून घ्या.

१४. बायोफ्लॉक टाकीत रोग येत नाहीत असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

प्रशिक्षणात टाक्याही विकायच्या होत्या ना? बायोफ्लॉकमध्ये टाकीतले जिवाणूच घाण पचवतात, म्हणून बाहेरचं पाणी कमी लागतं, तेवढा एक रस्ता बंद होतो. बीजाचा रस्ता उघडाच असतो (प्रश्न ३). दाट गर्दीत एक आजारी मासा सगळ्यांना दिवसात गाठतो आणि वीज गेली, जनित्र सुरू झालं नाही, की तासाभरात प्रश्न १.

१५. आमचे पिंजरे धरणात आहेत. तिथे औषध कसं टाकणार?

टाकायचं नाही. उघड्या जलाशयात उपचार होत नाहीत, फक्त काळजी घेता येते. पिंजऱ्यांत अंतर ठेवा, जाळ्या शेवाळाने बुजू देऊ नका, मेलेला मासा रोज काढा आणि काठावर पुरा. मोजून काढा, वहीत लिहा. पिंजऱ्याबाहेर त्याच जातीचे रानमासे फिरत असतात आणि रोग दोन्ही दिशांनी जातो.

उजनीत एकदम मासे तरंगले की बातमी "अज्ञात रोग" अशी येते. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून या जलाशयात. पाणी हिरवं होतं, आभाळ येतं, पुढचं प्रश्न १ मध्ये आहे. तरी नमुना घ्याच. ठाऊक असलेलं कारण दिसलं म्हणून दुसरं नसतंच असं नाही.

१६. घरच्या टाकीतले गोल्डफिश आणि कोई आजारी आहेत. हे पान शेतकऱ्यांचंच आहे का?

नाही, आणि तुमचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. शोभिवंत मासे देशोदेशी फिरतात आणि विषाणू त्यांच्याबरोबर. कोई हर्पीस १९९८ च्या सुमारास इस्रायल आणि अमेरिकेत ओळखला गेला. गोल्डफिशचा हर्पीस आणि कोईला झोपाळू करणारा कार्प एडिमा विषाणू भारतातही सापडले आहेत. कोई हा कॉमन कार्पचाच रंगीत भाऊ, म्हणजे आपल्या शेततळ्यातल्या सायप्रिनसचा. नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, वेगळी जाळी वापरा. टाकी आवरायची झाली तर मासे पाषाण तलावात किंवा नदीत सोडू नका. उजनीत आज सकर मासा जाळी फाडतो, तो असाच कोणाच्या तरी काचेच्या टाकीतून आलेला आहे.

१७. विमा मिळतो का?

प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत हप्त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन आहे, मर्यादा वेगळ्या. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी लागते. पॉलिसीत रोगाने झालेली मरतूक धरली आहे की नाही, ते सही करण्याआधी वाचा. दावा करताना रोजच्या मरतुकीची वही आणि बीजाची पावती मागतात. पिकअपवाला पावती देत नाही, हे वर आलंच आहे.

१८. पीसीआर पॉझिटिव्ह आला, पण मासे ठणठणीत आहेत. सगळे मारून टाकू?

लगेच नाही. पीसीआर विषाणूच्या जनुकाचा तुकडा शोधतो. मासा आजारी आहे की नाही, हे ते सांगत नाही. साथीतून वाचलेले मासेही पॉझिटिव्ह येऊ शकतात. खाण्याचे मासे असतील तर वाढू द्या, ताण देऊ नका, जिवंत विकू नका, काढून बर्फावर विका आणि मग प्रश्न १३. त्यांच्यापासून बीज तयार करायचा विचार असेल तर तो आजच सोडा. हॅचरी असेल तर मात्र उत्तर वेगळं: प्रजननाचा साठा काढून टाकावा लागतो, कारण तिथून निघणाऱ्या पिशव्या वीस तळ्यांवर जातात.

१९. आणि निगेटिव्ह आला, पण मासे मरतायतच?

नमुना कोणत्या माशाचा होता? कडेला आलेल्या, मरायला टेकलेल्या माशाचा, की जाळ्यात पहिल्यांदा सापडलेल्या तजेलदार माशाचा? गेल्या हिवाळ्यात दौंडच्या एका तळ्याचा अहवाल दोनदा निगेटिव्ह आला. तिसऱ्यांदा मी स्वतः पहाटे गेले. गडी नेहमीप्रमाणे खाद्य टाकून वर आलेले मासे पकडायला लागला. खायला वर येणारा मासा आजारी नसतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही बॅटरी घेऊन काठाकाठाने फिरलो आणि पेपरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या चार बोटं खाली, काळी पडलेली सात चिलापी हाताने उचलली.

त्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला.